वहीतली वाक्यं वहीतच राहतात का?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, रामराम.

दिवाळीच्या साफसफाईत जुनी लोखंडी ट्रंक खाली काढली. आत माझ्या अकरा वह्या निघाल्या. दहावी झाली त्या वर्षापासून, म्हणजे १९९४ पासून, आवडलेलं वाक्य मी उतरवून ठेवत आलोय. सप्त्याच्या कीर्तनात ऐकलेलं, पेपरच्या कोपऱ्यातलं, एसटीत ड्रायव्हरच्या डोक्यावर रंगवलेलं, लग्नपत्रिकेवरचं, एकदा तर न्हाव्याच्या आरशावरचंसुद्धा. चौथ्या वहीला वाळवी लागली होती. बायको म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी वाचली."

लेक सातवीत आहे. ती पायरीवर बसून तिसरी वही मोठ्यानं वाचायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "पप्पा, रागावर चौदा वाक्यं हायेत ह्याच्यात." मी जरा फुशारलो. मग ती म्हणाली, "मग परवा डीपी जळाला तवा तुम्ही त्या लाइनमनला कामून तसं बोललात? ते तर तुमच्या मदतीलाच आलते."

मला उत्तर सुचलं नाही. वही तिच्या हातातून घेतली आणि झाडलोट करायला लागलो.

तर प्रश्न असा की, तुमच्यापैकी कोण कोण अशी वाक्यं जमवतं? कशी? आणि त्यानं माणसात खरंच काही फरक पडतो का, का नुसती वही भरते?

मोंढा_नंबर_दोन

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. घ्या, पंधरावं लिहून ठेवा.

उदगीरी

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामा रोज पहाटं साडेपाचला गुलाबाच्या फुलासंगट सुविचार टाकूलालेत. काल टाकलं, 'नाती जपा, माती होण्याआधी.' त्याच मामाचा आन् आमच्या बाबाचा दीड फूट बांधावरून सहा वर्षं झालं दावा चालू हाय. मी काय म्हणूलालाव, एक दिवस सुविचार टाकू नका मामा, दीड फूट सोडा. पण म्हणायचं कुणी?

दुधनाकाठ

@उदगीरी, बाबांनी सोडला तरी चालेल की.

उदगीरी

बाबा त्या मेसेजला रोज हात जोडलेलं चित्र टाकतेत. तेवढंच.

खडू_डस्टर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, बीड जिल्ह्यात. सुविचार हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, दिनविशेष, बातम्या, मग एक पोरगं पुढं येऊन 'आजचा सुविचार' म्हणतं. फळ्याच्या वरच्या पट्टीत रंगीत खडूनं तो लिहायचा. आमच्या चौथीत एक महाराज होते. त्यांची पाळी आली की दर वेळी 'नेहमी खरे बोलावे'. का रे, विचारलं तर म्हणाला, "बाई, सगळ्यात बारका हाये." किमान खरं बोलला.

मग एक वर्ष मी नियम बदलला. पुस्तकातला सुविचार चालणार नाही, घरून आणायचा. कुणी म्हटलं, कधी म्हटलं, हे सांगता आलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात गोंधळच झाला. एकानं किराणा दुकानातलं 'आज रोख, उद्या उधार' आणलं. एकीनं आजोबांची अशी काही म्हण आणली की मला ती फळ्यावर लिहिता आली नाही, इथंही लिहिता येणार नाही.

पण एक मुलगी होती, आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, ती आजीपाशी राहायची. तिनं येऊन सांगितलं, "उचल हलकी असती, फेड जड असती. आजी म्हणली. मुकादम घरी पैसे देऊन गेला त्या राती." वर्गातल्या निम्म्या पोरांची घरं ऊसतोडीची. त्या दिवशी मला काही समजावून सांगावं लागलं नाही. पोरंच बोलत राहिली, कुणाच्या घरी किती उचल आली, कुणाची फिटली नाही. गणिताचा तास त्यातच गेला, आणि खरं तर ते गणितच होतं.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की वाक्य कुणी, कुणाला आणि कोणत्या वेळी म्हटलं हे सोबत नसेल तर ते फळ्यावरच्या नक्षीसारखं. दुसऱ्या दिवशी डस्टर फिरतो. धागाकर्त्यांनी वहीत वाक्याशेजारी तारीख, जागा वगैरे लिहिलंय का?

दुधनाकाठ

बाई, पहिल्या दोन वह्यांत लिहिलंय. पुढं आळस केला. आत्ता चाळून बघितलं तर पहिल्या दोन वह्यांतलीच वाक्यं कुठली ते आठवतंय. बाकीची माझ्या अक्षरात कुणी दुसऱ्यानं लिहिल्यासारखी वाटतात.

नागसेनवन

'कुणी म्हटलं' यावर माझं जुनं दुखणं आहे.

मी मिलिंद कॉलेजचा विद्यार्थी. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे वाक्य आमच्याकडं घराघरात भिंतीवर असतं. आमच्या एका सरांनी विचारलं, बाबासाहेबांचे मूळ शब्द कुणाला माहीत आहेत? कुणालाच नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेच्या भाषणात ते इंग्रजीत म्हणाले ते 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज' या क्रमानं. म्हणजे मधला शब्द अ‍ॅजिटेट. मराठीत येता येता संघटन मधे आलं आणि संघर्ष शेवटी गेला. सरांनी त्यावर अख्खा तास घेतला. अ‍ॅजिटेट म्हणजे मोर्चाच का? आधी स्वतःच्या मनात खळबळ झाली पाहिजे, असाही अर्थ निघतो का? खळबळ आधी आणि संघटना नंतर, की उलटं? आम्ही कँटीनमध्ये भांडत बसलो. ते वाक्य मी तोवर हजारदा वाचलं असेल, पण त्यावर विचार केला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

तसंच 'उठा, जागे व्हा'. सगळीकडं विवेकानंदांच्या फोटोखाली. ते मुळात कठोपनिषदातलं, 'उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत'. 'ध्येय गाठेपर्यंत थांबू नका' हा विवेकानंदांनी घेतलेला भावार्थ. मुळात आहे ते 'जाणत्यांकडे जा आणि समजून घ्या', आणि लगेच पुढं वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी अवघड आहे असं सांगितलंय. पळत सुटायला सांगणं वेगळं आणि कुणाच्या तरी पायाशी बसायला सांगणं वेगळं. दोन्ही चांगलं आहे, पण आपण काय वाचतोय ते कळलं तर पाहिजे.

म्हणून माझा नियम : मूळ सापडल्याशिवाय वहीत घेत नाही. त्यामुळं माझी वही तीस वर्षांत एकच आहे आणि तीही अर्धी कोरी.

पुण्यातला_परभणीकर

आता नावांचं विचारूच नका. आठवड्यात एकच वाक्य तीन फोटोंखाली बघितलं. आधी एका शास्त्रज्ञाच्या, मग एका पोलीस अधिकाऱ्याच्या, शेवटी चाणक्याच्या. चाणक्यानं त्यात 'मोबाईल' शब्द वापरला होता.

मोंढा_नंबर_दोन

दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

बालाघाट

विषय निघालाच आहे तर, २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही लातूरला होतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तो एप्रिल. आमच्या गल्लीच्या टोकाला टाकी, तिच्यावर चार फुटी अक्षरात 'पाणी हेच जीवन'. टाकी कोरडी ठणठणीत. खाली घागरींची रांग. रांगेतली एक म्हातारी रोज त्या अक्षरांकडं बघून म्हणायची, "व्हय बाबा, म्हाईतंय आम्हाला."

त्या उन्हाळ्यानंतर भिंतीवरचं काही वाचलं की मी आधी टाकीत पाणी आहे का बघतो.

टाळकरी

धाग्याचं शीर्षक बघून हसू आलं. आमच्या भजनी मंडळात प्रत्येकाकडं वही असते. कव्हर तेलकट, पानं बोटानं काळी झालेली. पण ती वही कुणी 'संग्रह' म्हणत नाही. तिच्यातलं पाठ झालं की ती फडताळात जाते, विसरलं की बाहेर येते.

तुमची अडचण मला अशी दिसते. वारकरी कीर्तनात बुवा सेवेला एकच अभंग घेतो. चार-पाच चरणांचा. दोन तास त्याच्यावरच. एकेका चरणाला घोळून घोळून, मधे दृष्टांत, मधे बुवाला श्वास घ्यायला टाळकऱ्यांची चाल. आणि प्रत्येक मुद्द्याला प्रमाण द्यायचं, ज्ञानेश्वरीतली ओवी नाहीतर गाथ्यातला दुसरा अभंग. प्रमाण चुकलं तर आमच्या गावातले म्हातारे तिथल्या तिथं मान हलवतात, खाली-वर नाही, आडवी. नागसेनवनांची मूळ शोधायची सवय अगदी ह्याच जातीची.

म्हणजे दोन तास, गावभर माणसं, आणि सगळ्यांच्या मधोमध एक अभंग. आणि आपण सकाळी चहाच्या आत चाळीस सुविचार उरकतो. रागावर चौदा वाक्यं हा घोटाळा तिथंच आहे दुधनाकाठ. एक पुरलं असतं. चौदा जमवली म्हणजे पहिल्या तेरांवर काम झालं नाही, एवढाच अर्थ.

एक करून बघा. महिनाभर एकच वाक्य घ्या. त्याला विरोधी प्रमाण शोधा. तुकोबाच म्हणतात, 'ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान.' आणि तुकोबाच म्हणतात, 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे.' आळशी माणूस पहिलं वहीत घेतो, क्लासवाले दुसरं भिंतीवर लावतात. दोन्ही एका पानावर समोरासमोर लिहा आणि मग सांगा, आज तुमच्यापुढं जो प्रसंग आहे त्याला कुठलं लागू. त्या ठरवण्यातच सगळी मेहनत आहे.

खडू_डस्टर

हे मी सोमवारी वर्गात करणार. परवानगी गृहीत धरते.

टाळकरी

घ्या की बाई. मला तरी कुठं कुणी विकत दिलंय.

अल्बमवाला

मला सगळ्यांचा सूर थोडा खटकतोय. प्रत्येक गोष्टीचा उपयोगच का झाला पाहिजे? मी चाळीस वर्षं पोस्टाची तिकिटं जमवतो. त्यानं मी पोस्टमन झालो नाही, आणि मला कुणी विचारतही नाही की काय सुधारणा झाली. वाक्य सुंदर असतं म्हणून माणूस उतरवून घेतो. अकरा वह्या भरताना जो आनंद झाला तो काय कमी? दुधनाकाठ, लेकीला सांगा, पप्पाला अक्षरं आवडतात.

दुधनाकाठ

हे वाचून बरं वाटलं हो. पण लेकीला सांगितलं तर ती म्हणेल, मग वहीवर 'जीवन घडवणारे विचार' असं का लिहिलंय. (लिहिलंय. लाल स्केचपेननं. खाली दोन रेघा.)

ज्वारीची_भाकर

मी गंगाखेडची, जनाबाईच्या गावची. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून वहीचा प्रश्नच नाही. पण तिच्याजवळ जेवढी वाक्यं होती तेवढी इथल्या कुणाजवळ नसतील. आणि फरक एवढाच की ती वाक्य कधी उगीच बोलायची नाही. ते वाक्य वेळ आली की निघायचं, बटव्यातून चुना निघावा तसं, नखभर.

एक प्रसंग सांगते. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. सासरी कुरबूर होऊन मी माहेरी आले, आणि बसल्या बसल्या आईला एक-एक गाऱ्हाणं सांगत होते. ती भाकऱ्या थापत होती. काही बोलली नाही. माझं सगळं सांगून झालं. मग तिनं तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवलं, ती उलटली आणि म्हणाली, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल माय." मला वाटलं, ती सासरच्यांबद्दल बोलतेय, त्यांच्यात माया नाही म्हणून. मी अजून चेव आल्यासारखी बोलले. रात्री अंथरुणात पडल्यावर डोक्यात आलं, ती माझ्याबद्दल तर बोलली नाही? आज तीस वर्षं झाली. कुणाबद्दल बोलली ते मला नक्की माहीत नाही. विचारलं नाही, आणि आता ती नाही.

शाळेत ही म्हण अर्थासकट पाठ केली होती, दोन गुणांना. तेव्हा तिचा अर्थ मला पक्का ठाऊक होता.

नागसेनवन

ताई, यावर काही लिहिण्यासारखं नाही. नुसती हजेरी लावतो.

हुरडा

आमच्याकडं एकच वाक्य चालायचं, 'मास्तरला विचार.' असो. मूळ विषय सोडून एक विचारतो. वाळवी लागलेल्या वहीचं काय केलं? माझ्याकडं आजोबांचे भजनाचे कागद आहेत, त्यांना कसर लागलीय.

बालाघाट

कडुनिंबाचा पाला वाळवून पानापानांत ठेवा. वर्षाला बदला. ट्रंक भिंतीला टेकवायची नाही, खाली चार विटा. डांबराच्या गोळ्या आमच्याकडंही असतात पण त्या वासानं मला वाचवत नाही.

पुण्यातला_परभणीकर

अहो फोटो काढून ठेवा सगळ्याचे. मोबाईलमध्ये शोधताही येतं. मी हजारभर वाक्यं ॲपात ठेवलीत, विषयवार. राग, पैसा, आईवडील, सगळे कप्पे वेगळे.

मोंढा_नंबर_दोन

मग राग आल्यावर आधी मोबाईल उघडता का?

पुण्यातला_परभणीकर

राग आल्यावर मोबाईल आपटतो. म्हणून ते क्लाउडवर आहे.

टाळकरी

हाताने लिहिण्याला तोड नाही मात्र. समर्थ आपल्याच जांबचे, घनसावंगी तालुक्यातले. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर 'वाटोळें सरळें मोकळें' असावं इथपासून सांगितलंय. एवढ्या मोठ्या माणसाला शाई आणि ओळी यांच्यावर अख्खा समास लिहावासा वाटला. आणि अंबाजोगाईला दासोपंतांनी तर कापडाच्या पासोडीवर लिहून ठेवलं, ती अजून जपलेली आहे.

उदगीरी

मामाला सांगतो, पासोडीवर लिहा म्हणून. रोज पहाटं पासोडी धुवायची म्हणलं की आपोआप बंद होतंय.

तिसरा_अटेम्प्ट

लातूरला अभ्यासिकेत बसतो. एमपीएससी. वाचत होतो पण लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझ्या टेबलासमोरच्या प्लायवर पहिल्या वर्षी सतरा चिठ्ठ्या होत्या. पिवळ्या, गुलाबी. 'जिंकणारे वेगळं करत नाहीत' छापाच्या. सकाळी आलो की त्या वाचायच्या, यूट्यूबवर एक भाषण ऐकायचं, अंगावर काटा यायचा. त्या काट्यालाच मी अभ्यास समजत होतो. साडेआठला बसून दहा वाजेपर्यंत माझं पुस्तक उघडलेलं नसायचं. पण मी फार पेटलेला असायचो. प्रिलिम गेली. दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या तेवीस झाल्या. परत गेली.

निकालाच्या दिवशी घरी फोन केला. बाबा रानात होते. त्यांना प्रिलिम, मेन्स काही कळत नाही. मी म्हटलं, न्हाई झालं. थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाले, "एकदा न्हाई उगवलं म्हणून काय रान इकतेत का? दुबार पेरायचं." आणि मग लगेच, "पर दुबार पेरताना बियानं बदलून बगतेत."

दुसरं वाक्य महत्त्वाचं. पहिलं तर कुठल्याही पोस्टरवर सापडेल. बियाणं बदल म्हणजे काय करू, यावर मी आठ दिवस डोकं लावलं. अवांतर वाचन बंद केलं, जुन्या प्रश्नपत्रिका आधी सोडवायला घेतल्या, जागा बदलून दाराजवळ बसलो. चिठ्ठ्या काढल्या. प्लायवर आता चिकटपट्टीचे डाग आहेत नुसते. निकाल अजून यायचाय, म्हणून यशोगाथा समजू नका.

ज्वारीची_भाकर

बाळा, वडलांचं ते वाक्य मी माझ्या लेकाला सांगू का? नाव नाही सांगत.

तिसरा_अटेम्प्ट

सांगा काकू. बाबाला कळलं तर म्हणतील, त्यात काय एवढं.

अल्बमवाला

माघार घेतो. अर्धीच. तिकिटांच्या बाबतीत माझं मत कायम आहे.

दुधनाकाठ

दीड महिन्यानं परत येतोय. मधे तुरीची काढणी होती.

टाळकरीबुवांचं ऐकलं. रागावरच्या चौदापैकी एक निवडलं. सगळ्यात छोटं निवडलं, चौथीतल्या महाराजांना नमस्कार. कार्डावर लिहून रानातल्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला आतून चिकटवलं, कारण माझा निम्मा राग तिथंच निघतो. आठवडाभर काही झालं नाही. उलट, वीज गेली की ते कार्ड बघून जास्त संताप यायचा. एकदा तर कार्डालाच शिवी दिली.

विरोधी प्रमाण शोधा म्हणाला होतात, ते लेकीनं शोधून दिलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही बँकेत साहेबापुढं कधी चिडत नाही. म्हणजे तुम्हाला येतं की थांबायला." हे कुठल्याच वहीत नव्हतं. ते मात्र लागलं. अजून निस्तरतोय.

लाइनमनच्या घरी दिवाळीनंतर जाऊन आलो. शेंगा घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, "मला आठवतबी नाही दादा, रोजच कुणीतरी बोलतंय." त्यानं मला अजूनच कसंतरी झालं.

बारावी वही घेतलीय. डाव्या पानावर वाक्य, तारीख, कुणी म्हटलं. उजवं पान कोरं ठेवायचं, काही घडलं तरच भरायचं. सध्या डावीकडं तीन, उजवीकडं दीड. पहिल्या पानावर लेकीचं वाक्य आहे. खाली तिनं स्वतः सही केली, मूळ शोधायला त्रास नको म्हणून.

नागसेनवन

सही बघून समाधान झालं.

मोंढा_नंबर_दोन

ते सगळं ठीक. पण स्टार्टरच्या पेटीतलं वाक्य कुठलं, ते सांगितलंच नाही.

दुधनाकाठ

नाही सांगत. तुम्ही फॉरवर्ड कराल.

हुरडा

कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवायचा का उन्हात?

बालाघाट

सावलीत.